भरतीच्या थेम्समधून नॅरोबोट: लाइमहाउस ते ब्रेंटफर्ड एका दिवसात

कालवाकाठी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. भागीदारीतली आमची नॅरोबोट (कालव्यासाठीची लांब, अरुंद बोट) ५७ फुटी आहे. इंजिन ३८ अश्वशक्तीचं, वजन अंदाजे १७ टन, आणि थंड करण्यासाठी स्किन टँक (इंजिनातलं पाणी बोटीच्या पत्र्याआडून बाहेरच्या पाण्याने गार करणारी टाकी). रीजंट्स कॅनॉलने पूर्व लंडनमधल्या लाइमहाउस बेसिनपर्यंत आणून पुढे भरतीच्या थेम्सवरून पश्चिमेला ब्रेंटफर्डला न्यायची आहे. तिथून ग्रँड युनियन कालव्याने परत. कालव्यावर बोट चालवण्याचा सराव आहे, नदीवर कमी आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात अजिबात नाही. बोटीवर तीन मोठी माणसं असतील. विचारायचंय ते असं:

१) लाइमहाउसहून किती वाजता निघायचं, हे ठरवायचं कसं?
२) कालव्यावर चालते त्या बोटीत काय बदल, काय तपासणी लागते?
३) रेडिओ खरंच लागतो का?
४) पुलांखाली आणि मोठ्या बोटींच्या लाटांत काय सांभाळायचं?
५) ब्रेंटफर्डच्या खाडीत शिरणं अवघड आहे असं सगळे म्हणतात. ते का?

---

सुकाणूदांडा यांचा प्रतिसाद:

आधी वेळेचं बोलू, कारण वेळ चुकली की बाकीच्या तयारीचा उपयोग नाही.

सगळं गणित लंडन ब्रिजच्या पूर्ण भरतीवरून मांडायचं. लाइमहाउसचं लॉक (दोन पातळ्यांच्या पाण्यामधला दारांचा हौद) त्याच्या सुमारे तीन तास आधी सोडायचं. म्हणजे भरतीचा जोर तुमच्या पाठीशी राहतो आणि ब्रेंटफर्डला पोहोचता तेव्हा पाणी अजून चढतच असतं. ब्रेंटफर्डची पूर्ण भरती लंडन ब्रिजनंतर साधारण तासाभराने होते आणि तिथलं थेम्स लॉक त्या भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतच चालतं. या दोन आकड्यांच्या मध्ये तुमचा दिवस बसवायचा.

समजा, लंडन ब्रिजला भरती दुपारी २ वाजता आहे. १०:३० ला लॉकमध्ये, ११ ला नदीत. टॉवर ब्रिज ११:२० च्या सुमारास, वेस्टमिन्स्टर ११:४५, पटनी १२:४० आणि ब्रेंटफर्ड पावणेदोन ते दोन. अंतर १५-१६ मैल आहे. भरतीसकट ताशी सहा मैलांच्या आसपास वेग धरलाय. ब्रेंटफर्डची भरती ३ वाजता, म्हणजे लॉक १ ते ५. इंजिनाने थोडा त्रास दिला तरी हाताशी वेळ उरतो. एक तास उशिरा निघालात तरी पोहोचाल, पण हा उरलेला वेळ बराच कमी झालेला असेल. फार लवकर निघालात तर लॉक उघडायच्या आधी पोहोचाल, आणि तेव्हा खाडीत चिखल असतो.

सर्वात जास्त होणारी चूक: पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीची, म्हणजे पीएलएची, भरतीची कोष्टकं ग्रिनिच वेळेत असतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यात एक तास मिळवायचा. काही मोबाइल ॲप तो आधीच मिळवून दाखवतात. म्हणून दोन ठिकाणी ताडून बघा आणि लॉककीपरला फोनवर विचारा, "तुमच्या घड्याळाने किती?"

दोन्ही टोकांची लॉक कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. दोन्ही आधी बुक करा. आयत्या वेळी जाऊन चालत नाही. लाइमहाउसला आदल्या रात्रीच मुक्कामाला या.

रेडिओ: होय, लागतो. भरतीच्या थेम्सवर ४५ फूट (१३.७ मीटर) किंवा जास्त लांबीच्या बोटीला व्हीएचएफ (बोटींचा रेडिओ) सक्तीचा आहे. व्हीएचएफ नसलेल्या नॅरोबोटींना ब्रेंटफर्ड ते टेडिंग्टन या टप्प्यापुरती सवलत आहे. तिथे निघताना आणि पोहोचल्यावर लंडन व्हीटीएसला (नदीवरच्या वाहतुकीच्या नियंत्रण केंद्राला) फोन केला तर चालतो. तुम्ही लाइमहाउसहून निघताय, म्हणून ही सवलत तुम्हाला नाही. पाच वॅटचा हातातला संच पुरतो. पण वापरणाऱ्याकडे शॉर्ट रेंज सर्टिफिकेट हवं आणि संचाचा परवाना ऑफकॉमकडून घ्यावा लागतो. लंडन व्हीटीएस चॅनल १४ वर, लाइमहाउस लॉक चॅनल ८० वर. लॉकमधून निघायच्या आधी १४ वर बोटीचं नाव, लांबी, माणसं किती, कुठून कुठे, एवढं सांगायचं. मग संच १४ वरच ठेवून सतत ऐकत राहायचं. कोणतं मोठं जहाज कुठे वळतंय ते त्यातूनच कळतं.

---

डिझेलवास यांचा प्रतिसाद:

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. थेम्सवर नॅरोबोट अडचणीत येते ती बहुतेक वेळा इंजिनामुळे, आणि ते दोष कालव्यावर कधी दिसलेले नसतात.

इंधन. कालव्यावर टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ आणि पाणी साठतं आणि तिथेच निजून राहतं. थेम्सवर बोट डोलली की ते सगळं ढवळून नळीत येतं, फिल्टर चोंदतो आणि इंजिन बंद पडतं. नेमकं लाटा सर्वात जास्त असतात तिथे, टॉवर ब्रिज ते वेस्टमिन्स्टरच्या दरम्यान. म्हणून टाकीच्या तळातून थोडं डिझेल पंपाने उपसून काचेच्या बरणीत बघा. खाली पाणी किंवा काळा चिकट थर दिसला तर टाकी साफ केल्याशिवाय निघू नका. दोन्ही फिल्टर प्रवासाच्या दोन आठवडे आधी बदला, आदल्या दिवशी नको. नवा फिल्टर बसवताना हवा राहिली असेल किंवा सील गळत असेल, तर ते त्या दोन आठवड्यांत कालव्यावर कळतं. जादा फिल्टरचा एक संच आणि ते बदलायला लागणारे पाने इंजिनाशेजारी ठेवा. हवा कशी काढायची ते बोटीवरच्या दोघांना तरी यायला हवं. टाकी अर्ध्याच्या वर भरलेली असू द्या.

थंड करण्याची व्यवस्था. कालव्यावर तुमचं इंजिन मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर चालतं. नदीवर ते १,८०० ते २,००० वर सलग तीन तास चालणार. स्किन टँक लहान असेल तर तापमान हळूहळू चढतं आणि चाळीस मिनिटांनी धोक्याच्या खुणेवर येतं. ठोकताळा असा: अश्वशक्तीला चारने भागा, तेवढे चौरस फूट स्किन टँकचा बाहेरच्या पाण्याला लागलेला पृष्ठभाग हवा. तुमच्या ३८ ला साडेनऊ चौरस फूट. मोजून बघा. कमी असेल तर तुम्हाला सतत चालवता येतील अशा फेऱ्यांची मर्यादा आधीच ठरवावी लागेल आणि वेळेचं गणित त्या वेगावर मांडावं लागेल. टँकच्या वरच्या बाजूला हवा काढायचा स्क्रू असतो. आत हवा अडकली असेल तर टँक मोठा असूनही उपयोग नाही.

चाचणी अरुंद कालव्यात होत नाही, काठ ढासळतात. रुंद, खोल पाणी गाठा आणि अर्धा-पाऊण तास १,८०० वर चालवून तापमान लिहून ठेवा. आकडा एका जागी स्थिरावला पाहिजे. चढतच राहिला तर जाऊ नका.

वीड हॅच, म्हणजे पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलेलं काढायची झाकणाची जागा. याच्याकडे सर्वात कमी लक्ष जातं. जोर लावला की बोटीची मागची बाजू खाली बसते आणि पंखा पाणी वर फेकतो. हॅचचं झाकण नीट आवळलेलं नसेल किंवा रबर सुकलेलं असेल, तर ते पाणी थेट इंजिनखोलीत येतं. आतला पंप त्याला पुरा पडत नाही. रबर बदला, झाकण आवळा, आणि चाचणीच्या वेळी विजेरी घेऊन प्रत्यक्ष बघा. बिल्ज पंप (तळाशी साठलेलं पाणी उपसणारा) आपोआप सुरू होतो का तेही त्याच वेळी तपासा.

पाणी आत येण्याच्या जागा. पुढच्या उघड्या डेकची पाणी जायची भोकं पाण्याच्या पातळीच्या जेमतेम वर असतात. लाट आली की त्यातूनच पाणी आत शिरतं. ती पूर्ण बुजवू नका, नाहीतर वरून आलेलं पाणी बाहेर जाणार नाही. पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर फळी घट्ट बसवा, दार आतून बंद आणि क्रॅच कव्हर (पुढच्या डेकवरचं कापडी आवरण) ओढलेलं. गॅस सिलिंडरच्या कप्प्याची भोकं मात्र कधीही बुजवायची नाहीत. इंजिनखोलीच्या हवेच्या जाळ्या पाण्यापासून किती वर आहेत ते मोजा.

छपरावरच्या कुंड्या, सायकली, कोळशाच्या गोण्या, धुराड्याची वरची नळी सगळं खाली. आत कपाटं बंद, किटली-भांडी सिंकमध्ये. विमा कंपनीला भरतीच्या पाण्यातला प्रवास मान्य आहे हे लेखी घ्या. भाड्याच्या बोटींना या टप्प्यावर सहसा परवानगीच नसते. तुमची भागीदारीतली आहे, तेव्हा भागीदारांच्या करारातही बघून घ्या.

---

कालवाकाठी:

फार उपयोगी. स्किन टँक मोजतो. नांगर किती वजनाचा, आणि बांधायचा पुढे की मागे? यावर उलटसुलट मतं ऐकली आहेत.

---

डिझेलवास:

१७ टनांच्या बोटीला डॅनफोर्थ पद्धतीचा २० ते २५ किलोचा. त्याला किमान ५ मीटर साखळी, १० असली तर उत्तम, आणि पुढे १६ मिमीचा नायलॉन दोर. साखळी आणि दोर मिळून ३० ते ४० मीटर. दोर कमी पडला तर नांगर तळाला रुतत नाही, नुसता घासत जातो. दोराचं शेवटचं टोक पुढच्या टी-स्टडला (दोर बांधायच्या खुंटाला) आधीच पक्कं बांधलेलं हवं. नांगर पिशवीत किंवा कप्प्यात ठेवलेला असेल तर तो नाहीच असं समजा.

माझं मत पुढे बांधायचा. तुम्ही भरतीबरोबर चाललाय. इंजिन बंद पडलं आणि मागून नांगर टाकला, तर बोटीची पाठ प्रवाहाकडे राहते. पाठ बुटकी, तिथेच हवेच्या जाळ्या आणि दार, म्हणजे पाणी आत घेणारी बाजूच प्रवाहाला दिल्यासारखं. पुढून टाकला तर बोट अर्धं वर्तुळ फिरून प्रवाहाला तोंड देते. फिरायला जागा लागते हे खरं, पण नंतर ती शांत उभी राहते.

---

सुकाणूदांडा:

इथे थोडा मतभेद. मागे बांधण्याचा फायदा असा की सुकाणूवरचा माणूस दहा सेकंदांत नांगर टाकू शकतो. पुढे बांधायचा असेल तर पुढे जायला माणूस ठरलेला हवा, आणि त्याने केबिनमधून जायचं. लाटांत बाजूच्या अरुंद कडेवरून चालत जायचं नाही. तुम्ही तिघे आहात, म्हणून पुढे चालेल. दोघेच असतील तर मी मागेही एक छोटा नांगर ठेवायला सांगेन.

दोन्हीत एक समान: इंजिन थांबलं की आधी चॅनल १४ वर व्हीटीएसला कळवायचं, मग नांगर, आणि मग फिल्टर. "बघू, दोन मिनिटांत सुरू होईल" म्हणत पाने हातात घेतले तर त्या दोन मिनिटांत पूल येतो. जीवरक्षक आरएनएलआयची ठाणी वॉटर्लू ब्रिजपाशी, चिझिकला आणि टेडिंग्टनला आहेत. मदत जवळ आहे, फक्त लवकर मागायला हवी.

---

पुलाखालून यांचा प्रतिसाद:

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नावर.

लाइमहाउस लॉकमध्ये दोर बांधू नका. भिंतीवरच्या उभ्या तारांमागून घेऊन टोक हातात धरा, पुढे एक माणूस, मागे एक. तुम्ही निघता तेव्हा नदी बेसिनपेक्षा खाली असते. दार किंचित उघडून पाणी सोडतात आणि बोट दाराकडे ओढली जाते. बाहेर पडताना पुढचं टोक प्रवाहात जातं आणि मागचं अजून स्थिर पाण्यात असतं. भरती ते टोक उजवीकडे, म्हणजे तुम्हाला जायचं त्याच दिशेला ढकलते. पण तेव्हा हळू असलात तर बोटीची मागची बाजू भिंतीला घासते. म्हणून हिरवा दिवा आणि व्हीटीएसची खात्री मिळाली की दमदार जोर लावून पूर्ण बाहेर या आणि मगच वळा.

नदीत उजवी बाजू धरायची. पण टॉवर, एंबँकमेंट, वेस्टमिन्स्टर हे धक्के तुमच्या उजवीकडेच आहेत आणि प्रवासी बोटी तिथून एकदम बाहेर येतात. धक्क्यांपासून अंतर ठेवा. संसद भवनासमोर ७० मीटरचा निषिद्ध पट्टा आहे, पिवळे बोये लावलेले. तोही तुमच्या उजव्या हाताला. बोये उजवीकडे ठेवून जायचं, फोटोसाठी आत शिरायचं नाही.

पुलांच्या खुणा: ज्या कमानीवर दोन नारिंगी दिवे शेजारी शेजारी, तिथून जायचं. तीन लाल तबकड्या, दोन वर एक खाली अशा, म्हणजे कमान बंद. गवताची पेंढी टांगलेली दिसली तर तिथे काम चालू आहे आणि उंची कमी झाली आहे. पांढरा दिवा संथ लुकलुकत असेल तर एक मोठं जहाज त्या कमानीकडे येतंय, वेगाने लुकलुकत असेल तर एकापेक्षा जास्त. अशा वेळी ती कमान सोडून द्या. कमानीसमोर बोट शंभर-दोनशे मीटर आधीच सरळ करा. प्रवाह पाठीशी असताना सुकाणूला उत्तर मिळायला वेळ लागतो. ब्लॅकफ्रायर्सला दोन पूल लागून आहेत आणि मध्ये पाडलेल्या जुन्या रेल्वेपुलाचे लाल खांब उभे आहेत. तिथे पाणी तिरकं वाहतं.

लाटा: वेगवान कॅटमरान प्रवासी बोटी गेल्या की लाट एकदा येते आणि दगडी भिंतीवर आपटून पुन्हा येते. दुसरी कुठून येईल ते दिसत नाही. लाट कुशीवर घेतली तर बोट डोलते आणि कपाटं रिकामी होतात. अगदी नाकासमोर पूर्ण वेगात घेतली तर पुढचं टोक बुडून पाणी डेकवर येतं. साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात, जोर थोडा कमी करून पण सुकाणू चालेल इतका ठेवून घ्या. लाट गेली की लगेच आपल्या रेषेवर परत.

सर्वात मोठा धोका लाटांचा नाही, नांगरून ठेवलेल्या बार्जेसचा (मालवाहू सपाट बोटींचा) आहे. त्यांचं टोक खालून आत गेलेलं, उतरतं असतं. भरती तुम्हाला त्यांच्या समुद्राकडच्या टोकावर दाबते आणि बोट त्याखाली ओढली जाऊ शकते. ओळीने बांधलेल्या बार्जेस दिसल्या की लांबूनच बाजूला व्हा. त्यांच्या पुढ्यात इंजिनाशी खेळत बसू नका.

पंख्यात काही अडकलं, म्हणजे थरथर वाढली आणि वेग पडला, तर न्यूट्रल, दोन सेकंद मागे, पुन्हा पुढे. बहुतेक प्लॅस्टिक सुटतं. चालत्या नदीत वीड हॅच उघडायचा नाही. उधाणाच्या भरतीत काठावरची लाकडं उचलली जाऊन तरंगत येतात. पुढे एक माणूस फक्त त्यासाठी नजर ठेवून असावा.

वाँड्सवर्थ ब्रिजनंतर मोठ्या बोटी विरळ होतात, वेगमर्यादा ८ नॉट. पटनीपासून वल्हवणारे सुरू होतात, शनिवार-रविवारी सकाळी फार. त्यांची पाठ तुमच्याकडे असते. सरळ, एकसारख्या वेगाने चाला, म्हणजे त्यांना तुमचा अंदाज येतो. बोट रेससारख्या शर्यतींसाठी नदी बंद करतात, त्या तारखा पीएलएच्या सूचनांमध्ये आधी येतात.

ब्रेंटफर्ड: क्यू ब्रिजनंतर ब्रेंटफर्डची बेटं उजवीकडे ठेवून मुख्य पात्रातून जा. बेटं संपली की उजव्या काठाला ग्रँड युनियनची मोठी पाटी दिसते. भरती अजून चालू असेल तर थेट उजवीकडे वळू नका. पुढचं टोक खाडीच्या स्थिर पाण्यात जातं, मागच्या बाजूला प्रवाह ढकलत राहतो आणि बोट आडवी होऊन काठावर बसते. त्याऐवजी तोंडावरून थोडं पुढे जा, मोकळ्या पाण्यात पूर्ण वळा आणि प्रवाहाला तोंड देऊन परत या. आता जोर इतकाच ठेवा की बोट काठाच्या तुलनेत जागेवर राहील. सुकाणूचा किंचित कोन दिला की ती तिरकी सरकत खाडीकडे जाते. तोंडात आलात की जोर वाढवून आत. वळायच्या आधी व्हीटीएसला सांगा आणि मागे कोणी नाही ना बघा. ५७ फुटी बोट वळवायला तिथे पुरेशी रुंदी आहे.

---

खाडीकर यांचा प्रतिसाद:

तारीख निवडण्याबद्दल एक भर. आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. द्वादशीला १२ ची पाऊणपट ९, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. लंडन ब्रिजसाठी ग्रिनिच वेळेत त्यात अंदाजे अडीच तास मिळवा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती पावणेदोन-दोनच्या आसपास, आणि अष्टमीला सकाळ-संध्याकाळी साडेआठ-नऊला. हा फक्त अंदाज. निघताना कोष्टकच बघायचं.

याचा अर्थ असा की ज्या दिवशी भांगाची भरती, म्हणजे पाणी सर्वात संथ, त्या दिवशी भरतीची वेळच गैरसोयीची पडते. आणि भर दुपारच्या भरतीला उधाण असतं: लंडन ब्रिजला पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने मधला दिवस घ्यावा, पौर्णिमा किंवा अमावास्येच्या तीन-चार दिवस आधीचा, एकादशी-द्वादशीच्या आसपास. उन्हाळी वेळेने भरती बारा-साडेबाराला येते आणि साडेनऊच्या सुमारास लाइमहाउस सोडता येतं. जोर मध्यम, दिवस मोकळा.

वाऱ्याकडेही लक्ष द्या. तुम्ही पश्चिमेकडे चाललाय आणि भरतीही. नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा समोरून आला की तो भरतीच्या विरुद्ध होतो आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. ब्यूफर्ट मापाने चौथ्या श्रेणीचा वारा सांगितला असेल तर प्रवास पुढे ढकला. लॉकची वेळ बदलून मिळते.

---

पुलाखालून:

खाडीकर, एकादशी-द्वादशीच्या सल्ल्याला पूर्ण सहमती.

कालवाकाठी, आणखी एक पर्याय विचारात घ्या: ब्रेंटफर्ड सोडून सरळ टेडिंग्टन. अंतर पाचेक मैल जास्त, पाऊण ते एक तास. टेडिंग्टनचं लॉक एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे आहे, तिथे चोवीस तास माणूस असतो आणि आडव्या प्रवाहात वळून शिरायचं कामच नाही, सरळ समोर लॉक. मध्ये रिचमंडचं अर्ध्या भरतीचं बंधारा-लॉक लागतं (१८९४ चं). तिथल्या भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत झडपा वर असतात, तेव्हा खालून मोकळं जाता येतं. एरवी सरे काठाच्या (तुमच्या डाव्या हाताच्या) लॉकमधून, शुल्क भरून. वर सांगितलेल्या वेळापत्रकाने निघालात तर झडपा वर असतानाच पोहोचता. टेडिंग्टनच्या वर कॅनॉल ट्रस्टचा साधा परवाना चालत नाही, एजन्सीचा अल्पमुदतीचा परवाना घ्यावा लागतो. जोरदार पावसानंतर वरच्या नदीवर लाल पाट्या (प्रवाह जोरात असल्याचा इशारा) लागल्या असतील तर तिकडे जाऊ नका. शरद ऋतूत दुरुस्तीसाठी रिचमंडच्या झडपा काही आठवडे वर ठेवतात. तेव्हा ओहोटीला रिचमंड ते टेडिंग्टन पाणी फार खाली जातं.

ब्रेंटफर्डचं लॉक हुकलं तरी हाच मार्ग उपयोगी पडतो, म्हणून टेडिंग्टनचा फोन नंबर आधीच लिहून ठेवा.

---

कालवाकाठी:

सर्वांचे मनापासून आभार. टँक मोजला: साधारण आठ चौरस फूट भरतो, म्हणजे कमी आहे. तर १,६०० फेऱ्यांवर वेळेचं गणित करू का?

---

डिझेलवास:

आधी १,६०० वर पाऊण तास चालवून तापमान स्थिर राहतं का बघा. राहिलं तर त्या फेऱ्यांवर स्थिर पाण्यातला वेग मोजा, नदीवरच्या टप्प्यांच्या वेळा त्यावरून पुन्हा लिहा आणि लाइमहाउस लॉक वीस मिनिटं आधीचं मागा. ब्रेंटफर्डला वळताना दोन-तीन मिनिटं २,००० लागतील, तेवढ्याने काही होत नाही. १,६०० वरही आकडा चढत असेल तर टँकमधली हवा काढा, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट बघा, आणि तारीख पुढच्या एकादशीवर न्या.